टोप, नाताळ आणि एक कबुली : सॅम्युएल स्यूअलची रोजनिशी

आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' (१९५३) हे नाटक ज्यांनी वर्गात शिकले किंवा शिकवले आहे, त्यांच्या मनात सेलमच्या न्यायाधीशांचे एक ठाम चित्र असते. चूक उमगली तरी मागे न सरणारी, न्यायासनाची अब्रू माणसांच्या प्राणांहून मोठी मानणारी ती माणसे. अनेक न्यायाधीश होते, परंतु आपण त्या सर्वांना हॅथॉर्न आणि डॅन्फर्थ या दोन पात्रांत सामावून घेतले आहे, असे मिलर यांनी स्वतःच नमूद केले आहे. नाटककाराला हे स्वातंत्र्य असतेच. मात्र त्या एकत्रीकरणात एक माणूस नाहीसा झाला. प्रत्यक्षात त्या विशेष न्यायालयावर नऊजण नेमले गेले होते. त्यांतील एकाने पुढे साडेचार वर्षांनी भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर उभे राहून तो दोष आपल्या माथी घेतला. त्याचे नाव सॅम्युएल स्यूअल.

त्या एका दिवसासाठी स्यूअलचे नाव इतिहासात राहिले. मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनात अल्बर्ट हर्टर यांनी १९४२ साली रंगवलेल्या भित्तिचित्रांपैकी एक त्याच प्रसंगाचे आहे. आम्हांला येथे बोलायचे आहे ते त्या दिवसाविषयी, आणि त्याच्या मागच्यापुढच्या हजारो साध्या दिवसांविषयीही. कारण स्यूअलने रोजनिशी लिहिली, आणि ती थोडीथोडकी नव्हे. १६७४ ते १७२९ अशी पंचावन्न वर्षे, मधला काही काळ सोडल्यास, तो लिहीत राहिला. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ती १८७८ ते १८८२ या काळात तीन खंडांत छापली. पुढे १९७३ साली एम. हॅल्सी थॉमस यांनी तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. एका सनातनी ख्रिस्ती गृहस्थाने अमेरिकेतील रोजच्या जगण्याविषयी, राजकारणाविषयी आणि बदलत्या चालीरीतींविषयी केलेल्या चिंतनाचा इतका सलग दस्तऐवज त्या काळातला दुसरा क्वचितच असेल.

(स्यूअलच्या काळी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. पुढील सर्व साले आजच्या पद्धतीप्रमाणे दिली आहेत.)

स्यूअलचा जन्म १६५२ सालचा, इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातला. नऊ वर्षांचा असताना तो न्यू इंग्लंडला आला, १६७१ साली हार्वर्डमधून पदवीधर झाला. धर्मोपदेशक होण्याचा विचार त्याच्या मनात होता. पण १६७६ साली वसाहतीच्या टांकसाळीचा प्रमुख जॉन हल याच्या मुलीशी, हॅनाशी, त्याचे लग्न झाले आणि तो व्यापार, जमीनजुमला व राज्यकारभार यांत गुंतला. तीन वर्षे त्याने बॉस्टनच्या छापखान्याची व्यवस्था पाहिली, पुढे गव्हर्नरच्या मंत्रिमंडळावर व उच्च न्यायालयावर बसला आणि १७१८ साली मुख्य न्यायाधीश झाला. त्याला चौदा मुले झाली. त्यांतील सहा वयात आली आणि बापाच्या मृत्यूच्या वेळी, १७३० साली, तीनच हयात होती. ही संख्या लक्षात ठेवावयास हवी. रोजनिशीच्या पानांवर अंत्ययात्रा इतक्या वारंवार का येतात, कोणी ताटी उचलली आणि कोणाला हातमोजे वाटले यांची टिपणे इतक्या काटेकोरपणे का येतात, हे त्यावाचून कळत नाही.

स्यूअलचा समकालीन सॅम्युएल पेप्स याच्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते, आणि ती काही अंशी खरीही आहे. दोघांनाही खाण्यापिण्याचे, हवामानाचे, लोकांच्या येण्याजाण्याचे बारकावे टिपण्याची हौस. मात्र दोघांच्या वह्यांचा हेतू निराळा. पेप्सला आयुष्य पुन्हा चाखावयाचे आहे. स्यूअलला हिशेब ठेवावयाचा आहे. प्युरिटन माणसाच्या दृष्टीने दिवसाकाठी घडणारी कोणतीही गोष्ट निव्वळ योगायोग नसते. गारा पडल्या, मूल आजारी पडले, घोड्यावरून घसरलो, तर त्यांतून देव काही सांगत आहे, आणि ते काय हे शोधणे आपले काम आहे. रोजनिशी ही या दृष्टीने खातेवही असते. जमेला कृपा, नावे पाप. व्यापारी सासऱ्याच्या जावयाला ही पद्धत अवघड वाटली नसावी.

म्हणूनच तिच्यात क्षुद्र काहीच नाही. १६८६ सालच्या जानेवारीत इतकी थंडी पडली की प्रभुभोजनाची भाकर गोठून कडक झाली आणि मोडून ताटात टाकताना तिचा खडखडाट झाला, याची नोंद आहे. त्याच महिन्यातील राज्यकारभाराच्या बातम्यांइतकेच गांभीर्य त्या खडखडाटालाही आहे. १७०४ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनचे पहिले नियमित वृत्तपत्र निघाले. आपण त्याचा अंक केंब्रिजला विलर्ड यांना नेऊन दिला आणि नदीपलीकडे गेलेला तो पहिलाच अंक, हे तो मोठ्या समाधानाने लिहितो. १७०१ च्या पहिल्या जानेवारीला, नवे शतक उजाडताना, त्याने कर्णेवाले आणवून पहाटे बॉस्टनच्या मैदानाजवळ कर्णे वाजवले. कर्मठ माणूस म्हणजे रुक्ष माणूस, हे आपले समीकरण अशा ठिकाणी डळमळते.

आता त्याच्या कर्मठपणाकडे वळू. दरवर्षी २५ डिसेंबर आला की स्यूअल घराबाहेर पडून पाहतो. दुकाने उघडी आहेत ना? लाकडाच्या गाड्या खेड्यांतून नेहमीसारख्या शहरात येत आहेत ना? येत असल्या की तो समाधानाने तसे लिहून ठेवतो. नाताळ पाळण्याला बायबलमध्ये आधार नाही, ती माणसांनी रचलेली रूढी आहे, अशी प्युरिटनांची धारणा होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडच्या दडपणाखाली तो कायदा १६८१ साली रद्द झाला. त्यानंतर स्यूअलसारख्यांच्या हाती उरले ते केवळ पाहणे आणि नोंदवणे. ख्रिस्तावरच्या निष्ठेपोटी ख्रिस्तजन्माचा सण नाकारणारा हा ख्रिस्ती आपणांस विचित्र वाटेल. अमेरिकेत आज परंपरानिष्ठ ख्रिस्ती म्हणवणारे अनेकजण नाताळ सार्वजनिक जीवनातून हटवला जात आहे म्हणून हळहळतात. स्यूअलची हळहळ नेमकी उलट होती. 'परंपरा' हा शब्द वापरताना कोणाची आणि कोणत्या सालची, हे विचारावे लागते ते यासाठी.

या साध्या वाटणाऱ्या पाहणीच्या मागे राजकारण होते. १६८४ साली वसाहतीची सनद रद्द झाली. १६८६ च्या डिसेंबरात सर एडमंड अँड्रॉस हा राजाने नेमलेला गव्हर्नर बॉस्टनला उतरला. तो अँग्लिकन पंथाचा. ज्या पंथाच्या विधींना कंटाळून पहिल्या पिढीने समुद्र ओलांडला होता, तेच विधी आता गावात आले. अँड्रॉसला उपासनेसाठी जागा हवी होती, आणि ती त्याने स्यूअलच्याच मंडळीच्या उपासनागृहात घेतली. १६८७ च्या ईस्टरच्या रविवारी अँग्लिकनांची उपासना लांबत गेली आणि ज्यांनी ती इमारत उभारली ते लोक दुपारी दोन वाजून गेले तरी रस्त्यात ताटकळत उभे होते. स्यूअलने ते केविलवाणे दृश्य लिहून ठेवले आहे. पुढल्या वर्षी अँग्लिकनांच्या स्वतंत्र चर्चसाठी त्याच्याकडे जमीन मागण्यात आली. त्याने ती विकण्यास नकार दिला. जे टाळण्यासाठी न्यू इंग्लंडचे लोक इकडे आले तेच येथे उभारण्यास आपण हातभार लावणार नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. किंमतीचा प्रश्नच नव्हता.

या नकारात सत्तेसमोर न झुकण्याचे धैर्य आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु तेच धैर्य टोपाच्या बाबतीत आपणांस हास्यास्पद वाटते. इंग्लंडातून कृत्रिम केसांच्या टोपाची फॅशन आली होती. स्यूअलला ती मनापासून नापसंत. १७०१ च्या जूनमध्ये त्याला कळले की पाळक सॅम्युएल विलर्ड यांचा मुलगा जोसाया याने आपले केस कापून टोप चढवला आहे. स्यूअल सकाळीच त्यांच्या घरी गेला, तरुणाला बोलावून घेतले आणि असे करण्याची कोणती निकड पडली म्हणून विचारले. निकड काही नव्हती, केस सरळ होते आणि मागे नीट बसत नव्हते, इतकेच, असे त्या तरुणाने सांगितले. स्यूअलने त्याला कॅल्विनच्या ग्रंथातील एक प्रकरण वाचण्यास सुचवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जोसाया उपदेश करणार असे कळल्यावर स्यूअल आपले उपासनागृह सोडून दुसऱ्या मंडळीत गेला. गंमत अशी की ती दुसरी मंडळी त्या काळच्या मानाने चांगलीच उदार मताची होती. पंथापेक्षा टोप त्याला जास्त खुपला.

वर्गात या नोंदी वाचल्या तर हशा पिकेल, आणि पिकावाही. पण हसून झाल्यावर आपण १६९२ च्या पानांपाशी येतो.

त्या वर्षीच्या मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स याने चेटकाच्या आरोपांच्या सुनावणीसाठी खास न्यायालय नेमले. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकोणीस जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या वृद्धाने आरोपाला उत्तर देण्याचे नाकारल्यामुळे त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडून मारण्यात आले. गारा, घोडे, अंत्ययात्रा, फळफळावळ यांची नोंद ठेवणारा हा माणूस या उन्हाळ्यात काय लिहितो? जवळजवळ काहीच नाही. एप्रिलमधील एका चौकशीची नोंद आहे. ऑगस्टमध्ये जॉर्ज बरोज आणि इतर चौघांच्या फाशीची आहे. सप्टेंबरात कोरीच्या मृत्यूची आहे. सुनावण्या कशा चालल्या, पुरावा काय होता, आपण काय विचारले, कोणत्या क्षणी काय वाटले, याविषयी मौन. बरोज हा पाळक होता, हार्वर्डमध्ये स्यूअलच्या एक वर्ष पुढे होता, दोघांची ओळख होती. त्याने फासाखाली उभे राहून प्रभूची प्रार्थना अचूक म्हटली तेव्हा जमाव हेलावला, कारण चेटक्याला ती अडखळल्याविना म्हणता येत नाही असा समज होता. स्यूअल तेथे नव्हता. ही शिक्षा न्याय्यच होती, असे कॉटन मॅदर याने सांगितल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. स्वतःचे मत लिहिलेले नाही.

याहून अस्वस्थ करणारी एक नोंद जुलैची आहे. कॅप्टन जॉन ऑल्डन हा बॉस्टनचा नावाजलेला दर्यावर्दी, स्यूअलच्याच मंडळीचा सभासद. त्याच्यावरही चेटकाचा आरोप आला. २० जुलैला त्याच्यासाठी त्याच्या घरी उपास-प्रार्थना झाली आणि तीत स्यूअलने एक धर्मोपदेश वाचून दाखवला. आदल्याच दिवशी सेलमला पाच स्त्रियांना फाशी झाली होती. ज्या न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला त्याचा एक सभासद दुसऱ्या दिवशी एका आरोपीच्या घरी त्याच्यासाठी प्रार्थना करीत होता. त्याला यातील विसंगती जाणवली का? वही काही बोलत नाही. ऑल्डन पुढे तुरुंगातून निसटला. सेलमच्या गरीब शेतकरणींसाठी अशा प्रार्थना न्यायाधीशांच्या तोंडून झाल्या नाहीत.

आमच्या मते या रोजनिशीतील सर्वांत बोलके स्थळ हे मौनच आहे. खातेवही ठेवणाऱ्याने एका उन्हाळ्याची बाजू कोरी सोडली. ती बाजू भरली गेली चार वर्षांनी.

१६९६ हे वर्ष स्यूअल कुटुंबाला फार जड गेले. जानेवारीत चौदा वर्षांची मुलगी बेट्टी जेवणानंतर एकाएकी हुंदके देऊन रडू लागली. आपण नरकात जाणार, आपल्या पापांना क्षमा नाही, असे तिला वाटत होते. काही दिवसांपूर्वी बापाने वाचून दाखवलेल्या एका धर्मोपदेशाने ही भीती तिच्या मनात पेरली होती, आणि हेही बापानेच लिहून ठेवले आहे. मे महिन्यात एक मूल मृत जन्मले. २३ डिसेंबरला दोन वर्षांची सेरा गेली. दुसऱ्या दिवशी, घरात मृतदेह असताना, थोरला मुलगा सॅम याने बापाला मत्तयकृत शुभवर्तमानाचा बारावा अध्याय लॅटिनमधून म्हणून दाखवला. त्यातील सातवे वचन निरपराध्यांना दोषी ठरवणाऱ्यांविषयी आहे. बळी नको, दया हवी, हे ज्यांना कळले नाही त्यांच्याविषयी आहे. त्या वचनाने सेलमची शोकान्तिका भयंकर रीतीने आठवली, असे स्यूअलने त्या दिवशी लिहिले.

दुसरा दिवस २५ डिसेंबर. ज्या दिवशी तो दुकाने उघडी आहेत का ते पाहत हिंडायचा, त्या दिवशी त्याने सेराला पुरले. अंत्ययात्रेपूर्वी तो कुटुंबाच्या थडग्याच्या तळघरात उतरला आणि तेथील शवपेट्या नीट लावत काही वेळ थांबला. सासरे जॉन हल, सासू, आणि स्वतःची सहा मुले तेथे होती. तो अनुभव त्याला भीषण आणि तरीही सुखद वाटला. त्याने तो जणू एक मेजवानीच होती अशा शब्दांत लिहिला आहे. नाताळ नाकारणाऱ्या माणसाच्या लेखणीतून उतरलेला हा कडवट विनोद की निव्वळ सत्यकथन, हे ठरवणे कठीण आहे.

१४ जानेवारी १६९७ हा सेलमच्या संदर्भात साऱ्या प्रांतासाठी उपास-प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर झाला होता. त्या दिवशी पाळक विलर्ड आसनांच्या रांगेतून जात असता स्यूअलने त्यांच्या हाती एक कागद दिला. विलर्ड तो वाचू लागले तेव्हा स्यूअल आपल्या जागी उभा राहिला आणि वाचन संपल्यावर त्याने मान लववली. आपणावर आणि आपल्या कुटुंबावर देवाचे वारंवार तडाखे बसत आहेत, सेलमच्या न्यायालयाच्या दोषात आपला वाटा आपल्या माहितीतल्या इतर कोणाहूनही अधिक आहे, तो दोष आणि ती लाज आपण स्वीकारतो, माणसांची क्षमा मागतो आणि देवाने या पापाची शिक्षा आपणांस, आपल्या घरास किंवा या भूमीस देऊ नये म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, असा त्याचा मजकूर. स्यूअलने तो रोजनिशीत उतरून ठेवला. कोरी बाजू भरली.

या कागदाविषयी भाबडेपणाने बोलण्याचे कारण नाही. त्यात एकाही मृताचे नाव नाही. पश्चात्तापाचे पहिले कारण म्हणून तो स्वतःच्या मुलांचे मरण पुढे ठेवतो. म्हणजे सेलमच्या वीस कुटुंबांचे दुःख त्याला कळले ते स्वतःच्या घरातील शवपेट्यांच्या वाटेने. शिवाय ज्या विचारपद्धतीने तो आता स्वतःला दोषी ठरवत होता तीच पद्धत १६९२ साली इतरांवर वापरली गेली होती. दृश्य घटनांच्या मागे अदृश्य हात शोधायचा आणि आपत्ती म्हणजे कोणाच्या तरी पापाची खूण मानायची. आधी ती खूण शेजारणीत सापडली, आता स्वतःत. तर्क तोच, बोटाची दिशा बदलली.

पण दिशा बदलणे ही लहान गोष्ट नव्हती, असे आम्हांला वाटते. बारा ज्यूरींनीही त्या सुमारास क्षमा मागितली. त्या न्यायालयाचा प्रमुख विल्यम स्टॉटन मात्र अखेरपर्यंत बधला नाही. जॉन हॅथॉर्न याने जाहीर कबुली दिली नाही. त्याचा वंशज नथॅनिएल हॉथॉर्न त्या ओझ्याखाली दीडशे वर्षांनी कथा लिहीत बसला. स्टॉटन आणि स्यूअल यांचा धर्म एक, महाविद्यालय एक, देवाविषयीच्या आणि सैतानाविषयीच्या कल्पना एक. सनातनीपणाने स्यूअल सुधारला असे म्हणावे, तर स्टॉटनही तितकाच सनातनी होता. सनातनीपणाने स्यूअल बिघडला असे म्हणावे, तर कबुलीची सारी भाषा त्याला सनातनी धर्मानेच पुरवली होती. फरक कोठे पडला? याचे निर्णायक उत्तर मिळणार नाही. पण एक माणूस रोज रात्री स्वतःविरुद्ध हिशेब लिहीत होता, हा तपशील आम्हांला दुर्लक्षिता येत नाही. ज्याला टोपाच्या बाबतीत गप्प बसवले नाही, त्याला सेलमच्या बाबतीतही अखेर गप्प बसवले नाही. टोपासाठी भल्या सकाळी दुसऱ्याच्या घरी जाणारा स्यूअल आणि मान लववून उभा राहिलेला स्यूअल हे दोन नाहीत.

याचा पुढचा पुरावा तीन वर्षांनी मिळतो. १७०० सालच्या जूनमध्ये त्याने 'द सेलिंग ऑफ जोसेफ' ही तीन पानांची पत्रिका छापली. न्यू इंग्लंडमध्ये छापली गेलेली गुलामगिरीविरुद्धची ती पहिली पत्रिका. योसेफाला त्याच्या भावांनी वीस रुपयांना विकले या उत्पत्तीतील कथेवरून तिचे नाव. सर्व माणसे आदामाची लेकरे, म्हणून स्वातंत्र्यावर सर्वांचा हक्क सारखा, आणि माणूस चोरून विकणे हा मोशेच्या नियमशास्त्रात घोर अपराध, असे तिचे प्रतिपादन. गुलामगिरीच्या समर्थनार्थ बायबलमधूनच दिल्या जाणाऱ्या आधारांना त्याने बायबलमधूनच उत्तरे दिली. जॉन सॅफिन या न्यायाधीशाने आणि व्यापाऱ्याने, ज्याच्या ॲडम नावाच्या गुलामाच्या सुटकेचा वाद तेव्हा गाजत होता, १७०१ साली त्याला छापील प्रत्युत्तर दिले. ॲडम १७०३ साली मुक्त झाला.

येथेही हिशेब पुरा मांडला पाहिजे. त्याच पत्रिकेत स्यूअल असे मानतो की आफ्रिकेतून आलेले लोक आपल्या समाजात कधी एकजीव होऊ शकणार नाहीत, ते देहाबाहेर साकळलेल्या रक्तासारखे राहतील. हे वाक्य झाकून त्याला आजच्या अर्थाने समतावादी ठरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि तरीही १७१६ साली करआकारणीच्या यादीत इंडियन आणि निग्रो माणसांची गणना घोडे व डुकरे यांच्याबरोबर होऊ नये म्हणून त्याने प्रयत्न केला, तो फसला, आणि फसल्याचेही त्याने लिहून ठेवले. दुकाने उघडी असल्याचे जो टिपतो, तोच हेही टिपतो.

अखेरचा एक प्रसंग सांगून आवरते घेतो, कारण त्यावाचून हा माणूस पुरा होत नाही. हॅना १७१७ साली वारली. दुसरी पत्नी लग्नानंतर सात महिन्यांत गेली. १७२० च्या शरद ऋतूत अडुसष्ट वर्षांचा मुख्य न्यायाधीश स्यूअल, मॅडम कॅथरिन विन्थ्रॉप या विधवेकडे मागणी घालण्यास जाऊ लागला. तिचा दिवंगत पती वेट विन्थ्रॉप सेलमच्या न्यायालयावर स्यूअलच्याच शेजारी बसलेला. स्यूअल भेटीदाखल छापील धर्मोपदेश आणि साखरेत घोळवलेले बदाम नेतो आणि बदामांचा भाव वहीत लिहितो. हात हाती घेण्यासाठी तिचा हातमोजा काढण्याची परवानगी मागतो. तिच्या दोन अपेक्षा: घोडागाडी ठेवावी आणि टोप घालावा. गाडीचा खर्च परवडणार नाही, असे त्याचे म्हणणे. टोपाविषयी त्याचे उत्तर असे की ज्या थोर मित्राने आपल्या जन्माआधीपासून आपणांस केस पुरवले, त्याला सोडून दुसऱ्याकडे जाणे आपल्याच्याने होणार नाही. भेटी थंडावत गेल्या. एका संध्याकाळी शेकोटीत नवे लाकूड घातले गेले नाही. एकच आखूड ढलपी उरली, तेव्हा त्याने ओळखले आणि निरोप घेतला. तिचा पोशाख पूर्वीइतका स्वच्छ नव्हता, हेही त्याने लिहिले, आणि त्याला जोडून देव पुरवील अशा अर्थाचे बायबलमधील दोन शब्द. १७२२ साली त्याने दुसऱ्याच एका विधवेशी लग्न केले. टोप घातला नाही.

हे सारे मराठी वाचकाला फार दूरचे वाटू नये. स्यूअलच्या मंडळ्यांच्या वारसदारांनी १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक याच मिशनशी दीर्घकाळ जोडलेले होते. रोजच्या लहान कृतीचाही देवापुढे जाब द्यावयाचा आहे, ही न्यू इंग्लंडची जुनी सवय त्या वाटेने आपल्याकडेही आली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना घरातील भांडीकुंडी आणि देव एकाच पानावर सुखाने नांदताना दिसतात, तेव्हा ही सवय मराठी घरात शिरून किती मोकळी, किती हसरी झाली हे जाणवते. थेट वंशावळ आम्ही जोडत नाही. केवळ शेजार दाखवतो.

सेलमच्या बहुतेक दोषींवरील कलंक १७११ सालच्या कायद्याने पुसला गेला. शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर हिचे, मात्र २०२२ साली, म्हणजे तीनशे तीस वर्षांनी, दोषमुक्त झाले. एका माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षिकेबरोबर त्यासाठी पाठपुरावा केला होता. राज्याची खातेवही इतकी सावकाश चालते. एका माणसाची साडेचार वर्षांत पुरी झाली, तीही अपुऱ्या शब्दांत, आपल्याच मुलांच्या शोकाने, मृतांची नावे न घेता.

आम्ही वर्गात कर्मठ माणसांविषयी बोलताना त्यांचे दोन भाग करतो. हास्यास्पद भाग विनोदासाठी ठेवतो, वंदनीय भाग परीक्षेच्या उत्तरासाठी. स्यूअलची रोजनिशी ही वाटणी करू देत नाही. तीत नाताळच्या दिवशी दुकानांकडे पाहणारे डोळे आणि त्याच दिवशी थडग्यात शवपेट्या लावणारे हात एकाच माणसाचे आहेत. आपल्या मतांशी न जुळणाऱ्या माणसाची वही उघडताना त्याने इतरांना काय सुनावले हे तर पाहावेच. पण स्वतःच्या नावे त्याने काय लिहिले, आणि कोणती बाजू किती काळ कोरी ठेवली, हेही पाहावे. मग तोच प्रश्न आपल्या वहीला विचारावा.